व्हर्जिल आणि मिस्टर टिब्ज

प्रश्न : ‘इन द हीट ऑफ द नाइट’ हा सिनेमा सासऱ्यांबरोबर पाहिला. ते म्हणतात, हे मिसिसिपीतलंच गाव. मी म्हणालो, स्टुडिओतला सेट. मिसळीची पैज लागली आहे. कोण जिंकलं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोघेही हरलात, मिसळ आपापल्या पैशानं खा. कथेतलं स्पार्टा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपीत आहे. पडद्यावर दिसतं ते बरंचसं उत्तरेच्या इलिनॉयमधलं स्पार्टा. सेट नव्हे, नांदतं गाव. नाव तेच, म्हणून पाट्याही रंगवाव्या लागल्या नाहीत.

शूटिंगसाठी उत्तर गाठली ती व्हर्जिल टिब्ज या काळ्या डिटेक्टिव्हची भूमिका करणाऱ्या सिडनी पॉइटिएमुळे. १९६४ साली तो आणि गायक हॅरी बेलाफॉन्टे मिसिसिपीत ग्रीनवूडला गेले होते, नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांसाठी बॅगेत रोकड घेऊन. रात्री काळ्यांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनवाल्यांच्या गाड्या पाठीमागे लागल्या. त्यानंतर दक्षिणेत शूटिंगला तो राजी होईना. पण इलिनॉयमध्ये कापूस कुठून आणायचा? शेवटी थोडे दिवस दक्षिणेत, टेनेसीतल्या डायर्सबर्गला जावंच लागलं. तिथे तो म्हणे उशाखाली पिस्तूल घेऊन झोपायचा.

गोरा जमीनदार टिब्जला थप्पड मारतो आणि टिब्ज उलट मारतो, त्या प्रसंगावर लोक बोलतात. मला त्याआधीचा गाडीतला प्रसंग जास्त लागतो. बाहेर काळी माणसं वाकून कापूस वेचताहेत, टिब्ज काचेतून बघतोय आणि गावचा गोरा पोलीसप्रमुख गिलेस्पी त्याला चिमटा काढतो, ‘हे तुझ्यासाठी नाही, काय व्हर्जिल?’ टिब्ज गप्प. पुन्हा पाहाल तेव्हा ते उशाखालचं पिस्तूल आठवा.

एका फिल्म सोसायटीसाठी मी याची मराठी सबटायटल्स लिहायला बसलो होतो. गिलेस्पी विचारतो, ‘तिकडे तुला काय म्हणतात?’ टिब्ज म्हणतो, ‘मला मिस्टर टिब्ज म्हणतात!’ या वाक्यावर दोन दिवस अडलो. ‘मिस्टर’ला ‘श्रीयुत’ लिहिलं तर लग्नपत्रिका वाटते. मग सुचलं, ‘मिस्टर’ न लावता नुसतं व्हर्जिल म्हणण्यातला हा अपमान आपल्याकडे क्रियापदातच असतो. गिलेस्पीच्या तोंडी सगळीकडे ‘काय रे’, ‘चल’, ‘ऊठ’ घातलं. ‘मिस्टर’ जसाच्या तसा ठेवला, आणि तो बरोबर लागला.

अडचण शेवटच्या दृश्यात आली. स्टेशनवर गिलेस्पी स्वतः टिब्जची बॅग उचलतो आणि निरोप देताना म्हणतो, ‘व्हर्जिल, जपून राहा.’ भरात मी ‘जपून राहा हं, टिब्जसाहेब’ लिहून गेलो होतो. सकाळी खोडलं. बॅग उचलली तरी तो त्याला अजून व्हर्जिलच म्हणतो.