पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडे इतक्या प्रकारचे हातबॉम्ब का होते?

तुम्ही विचारलंय, एकच चांगला नमुना निवडून ब्रिटिशांनी तोच का बनवला नाही. कारण जो चांगला होता तो पुरेसा बनत नव्हता, आणि जो भराभर बनत होता तो फारसा चांगला नव्हता. 1914-15 चे सगळे नमुने या ओढाताणीतून आले.

युद्धाला तोंड फुटलं तेव्हा हाताशी होता 1908 सालचा 'नंबर 1'. त्याला 16 इंचांचा वेताचा दांडा आणि मागे कापडी पट्ट्या, म्हणजे बॉम्ब पुढच्या टोकावरच आपटून फुटावा. त्याचा डिटोनेटर, म्हणजे स्फोट घडवणारा भाग, किचकट, घाईघाईने ढिगांनी बनवण्यासारखा नव्हताच. शिवाय अरुंद खंदकात हात मागे नेला की बॉम्ब मागच्या भिंतीला आपटून फेकणाऱ्याचाच जीव जाई.

मग सैनिकांनी जॅमचे रिकामे डबे उचलले आणि त्यांत स्फोटक भरून बॉम्ब केले. फ्रान्समध्ये लढणाऱ्या भारतीय फौजेच्या, म्हणजे इंडियन कोअरच्या सॅपर्सनीही (लष्करी बांधकाम आणि सुरुंगांचं काम करणाऱ्या सैनिकांनीही) असे बॉम्ब बनवले. या कोअरमध्ये खडकीहून गेलेल्या दोन सॅपर कंपन्या होत्या. बॅटी नावाच्या इंजिनियर अधिकाऱ्याने तर फ्रान्सच्या बेथ्यून गावातच बिडाची (ओतीव लोखंडाची) नळकांडी ओतून घेतली. बीडच का, तर ओतशाळा गावोगावी होत्या आणि त्याला लेथवरचं बारीक काम कमी लागे. माझ्या मते त्या काळच्या बॉम्बच्या रूपाला सर्वांत जास्त वळण दिलं ते या एका गोष्टीने.

'नंबर 15' म्हणजे 'क्रिकेट बॉल' हे त्याचं टोक. बिडाचा गोल गोळा, आत स्प्रिंग नाही, खटका नाही. वरचं टोक काडीसारखं दंडावरच्या पट्टीवर घासून पेटवायचं. कुठलीही ओतशाळा तो करू शकत होती, म्हणून तो ढिगांनी आला. पण सप्टेंबर 1915 मध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत पाऊस पडला, पट्ट्या भिजल्या आणि बॉम्ब पेटेनात. उत्पादनाच्या सोयीची किंमत तिथे माणसांनी मोजली, हे विसरता येत नाही.

बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्सचा बॉम्ब त्याच वर्षी स्वीकारला गेला होता. त्याला पिन, तरफ, स्प्रिंग असं सगळं होतं, म्हणूनच सुरुवातीला पुरवठा कमी पडला. पण त्याचे सुटे भाग वेगवेगळ्या छोट्या कारखान्यांना वाटून देता येत होते, आणि बर्मिंगहॅममध्ये पितळेचं आणि ओतकामाचं कसब मुरलेलं होतं. पुढे या जातीचे 7 कोटींच्या आसपास बॉम्ब बनले. त्यावरचे चौकोनी खाचे ठरावीक तुकडे होण्यासाठी असतात असं बरेच जण समजतात. प्रत्यक्षात बीड वेडंवाकडं फुटतं. चिखलाने माखलेल्या हातांना पकड मिळावी हा त्यांचा खरा उपयोग.

जर्मनांचीही तीच गत. त्यांच्या 1913 च्या गोल बॉम्बवर चौकोनांची दाट जाळी होती. 1915 मध्ये ओतकाम सोपं व्हावं म्हणून ती साधी केली. दांड्याच्या बॉम्बचं डोकं पातळ पत्र्याचं, दांडा लाकडी. बॉम्ब पेटवायला ओढायची दोरी आतून जावी म्हणून तो दांडा पोकळ करावा लागे. ते काम वाचवायला दुसऱ्या महायुद्धातलं 1943 उजाडलं, तेव्हा पेटवण्याची यंत्रणा डोक्यावर नेली आणि दांडा भरीव ठेवला.