डिजिटल अर्काइव्हमध्ये जुन्या पुस्तकांशिवाय अजून काय काय मिळतं?

पुस्तकं ही तर नुसती सुरुवात आहे हो. इंटरनेट अर्काइव्ह १९९६ पासून आहे, तिथे पुस्तकांबरोबर जुनी रेकॉर्डिंग्ज, फिल्म्स, सॉफ्टवेअर आणि बंद पडलेल्या वेबसाइट्सची पानंसुद्धा सापडतात. नकाशे हवे असतील तर डेव्हिड रम्सी यांचा संग्रह बघा, तास दोन तास कुठे जातात कळत नाही. पण मला विचाराल तर खरी मजा कोर्टाच्या कागदांत आहे, लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातल्या १६७४ ते १९१३ पर्यंतच्या खटल्यांचे वृत्तांत फुकट वाचता येतात आणि त्यात चोर, मोलकरणी, दुकानदार असली साधी माणसं बोलताना दिसतात, जी इतिहासाच्या जाडजूड ग्रंथांत सहसा येतच नाहीत. जुनी वर्तमानपत्रं चाळायची तर ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह, तिथे ओसीआरने (म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) चुकीचा वाचलेला मजकूर वाचकच बसून दुरुस्त करतात (भारी आयडिया आहे ही).

एक टिप देतो, अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईतला लांबट एस (ſ) ओसीआरला बऱ्याचदा एफ वाटतो, त्यामुळे स्कॅन केलेल्या पुस्तकात शब्द सर्चला लागला नाही तर तसं स्पेलिंग टाकून बघा.