कॅम्पर व्हॅनचा रिकॉल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मिनीबसची कॅम्पर (आत राहण्याची सोय असलेली) केलेली गाडी आम्ही दुसऱ्या मालकाकडून घेतली. चासी (गाडीचा सांगाडा) नंबर टाकला तर मागच्या ब्रेक पाइपाचा रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने गाडी फुकट दुरुस्तीला परत बोलावणे) दिसतो. वर्कशॉपवाले म्हणतात, ‘बॉडी बदललीय, आम्ही हात लावणार नाही.’ (होटगी रोड, सोलापूर)

उत्तर : रिकॉल चासी नंबराला लागलेला असतो, मालकाला नाही. त्यामुळे गाडी दुसऱ्या हातची असली तरी तुमचा हक्क जात नाही. आधी नंबर आरसी बुकातून न घेता चासीवर ठोकलेला वाचा. सतरा अक्षरांच्या या नंबरात आय, ओ, क्यू ही अक्षरे कधीच नसतात. ‘ओ’ वाटला तर तो शून्य समजा. ‘रिकॉल नाही’ असे उत्तर येते त्यामागे पुष्कळदा हीच चूक असते.

वर्कशॉपची अडचण मात्र अगदीच खोटी नसते. कॅम्पर करणारे सांडपाण्याची टाकी फ्लोअरखाली पट्ट्यांनी आवळतात आणि ती नेमकी ब्रेक पाइपाच्या आड येते. टाकी उतरवायची मजुरी कंपनी सहसा देत नाही. तेव्हा बॉडीवाल्याकडून ती आधीच उतरवून घ्या, नाहीतर गाडी लिफ्टवर चढून तशीच परत येते. वजनही पाहा : दोन खांबी लिफ्ट बहुधा ४ टनांची असते. पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा (१०० लिटर म्हणजे १०० किलो) आणि कांद्याच्या गाड्या मोजतात त्या काट्यावर गाडी एकदा घालून आणा. छतावर एसी असेल तर उंची मोजून कळवा. गॅस सिलिंडर काढून घरी ठेवा. सोलर असेल तर आधी पॅनेलची वायर सोडवा, मग बॅटरीची. उलट केले तर सोलरचा कंट्रोलर (पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा डबा) जळू शकतो.

आरसीवर अजून ‘बस’च असेल तर ते आधी निस्तरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाची नोंद आरटीओत लागते. ती नसली की वर्कशॉपला नकाराचे आणि विमा कंपनीला क्लेम अडवायचे निमित्त मिळते.

एवढे करूनही नकारच आला तर तो लेखी मागा. तोंडी ‘नाही’ला पुढे कोणी विचारत नाही. तो कागद घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेकडे, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले. त्याखालचे रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि कंपनीला दंड १ कोटी रुपयांपर्यंत आहे. हे नियम ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत. तुमची गाडी त्याहून जुनी असली तरी कंपनीने स्वतःहून काढलेला रिकॉल असेल तर विचारायला हरकत नाही.

काम झाल्यावर जॉब कार्डावर (वर्कशॉपची कामाची नोंद) रिकॉलचा क्रमांक, बदललेल्या पार्टचा नंबर आणि शून्य रुपयांचे बिल, तिन्ही हवे. नुसते ‘चेक केले’ लिहून देतात, ते चालवून घेऊ नका.

प्रश्न : गाडीत परदेशी गॅसचा फ्रीज आहे. चासीच्या रिकॉलमध्ये तो येतो का? (जुळे सोलापूर)

उत्तर : नाही. चासी, बॉडी आणि आतली उपकरणे यांचे उत्पादक वेगळे, त्यामुळे नंबरही वेगळे. फ्रीजचा मॉडेल व सीरियल नंबर बहुधा दाराच्या आत स्टिकरवर असतो. तो घेऊन फ्रीजच्या कंपनीकडे चौकशी करा. अमेरिकेत २००६ मध्ये डोमेटिक या फ्रीज कंपनीने असे लाखो फ्रीज परत बोलावले होते, कारण बॉयलरच्या (फ्रीजमागचा अमोनिया तापवणारा भाग) नळीला चीर जाऊन आग लागायची. मागची जाळी काढून बॉयलरजवळ पिवळी भुकटी दिसते का, अमोनियाचा उग्र वास येतो का ते पाहा. दोन्हीपैकी एक जरी आढळले तर फ्रीज गॅसवर आणि विजेवर दोन्हीकडे बंद करा. एका बाजूला कललेल्या गाडीत फ्रीज चालवला तरी बॉयलर प्रमाणाबाहेर तापतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर आणखीच.