गाडीत रस्ता बघायला टॅबलेट घ्यावा का, की फोन पुरतो?

तुम्ही विचारलंय की स्विफ्टमध्ये नेव्हिगेशनसाठी १० इंची टॅबलेट बसवला तर चालेल का, फक्त वाय-फायवाला स्वस्तात मिळतोय तो घेऊ का, आणि घरचे म्हणतात फोन असताना ही हौस कशाला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कुणीही देईल. मी लिहायला बसले ती तिसऱ्यासाठी. हेच वाक्य माझ्या दिरांच्या तोंडून मी वर्षानुवर्षं ऐकतेय आणि त्याचं उत्तर एकदा नीट लिहून ठेवायचं आहे.

आधी वाय-फायचं उरकते. फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिपच नसते, ती सिमवाल्या मॉडेलमध्ये येते. वाय-फायवाला आसपासच्या राउटरांवरून जागेचा अंदाज बांधतो. कोथरूडमध्ये तो ठिपका बरोबर दाखवेल, मुळशीच्या पुढे गेलात की बसला एका जागी. अँड्रॉइडमध्ये असं सरसकट नाही, काही वाय-फायवाल्यांत जीपीएस असतं, काहींत नसतं. दुकानात विचारून उपयोग नाही, तिथे बहुतेकांना सिम आणि जीपीएस एकच वाटतं. कंपनीने दिलेल्या माहितीत जीपीएस, ग्लोनास असे शब्द आहेत का ते बघा. शक्य असेल तर त्यात जीपीएसटेस्ट ॲप टाकून घ्या, दुकानाबाहेर उघड्यावर या, वाय-फाय बंद करा आणि उपग्रह दिसतात का पाहा. जागा ठरायला निदान चार लागतात.

सिम टाकायलाच हवं असं मात्र नाही. उपग्रह २०,००० किलोमीटरवरून संदेश पाठवतात, टॅबलेट नुसता ऐकतो. त्याला रेंज लागत नाही, डेटा लागत नाही. नेट नसलं तर पहिल्यांदा जागा सापडायला वेळ जातो इतकंच, कारण उपग्रह आपल्या कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या फेऱ्यांनी पाठवत असतो आणि ती अख्खी कानावर पडावी लागते. निघण्याआधी अंगणात चालू करून ठेवा, गाडीत सामान भरेपर्यंत सापडते.

आता हौसेचं.

फोन रस्ता सांगतो. '३०० मीटरवर उजवीकडे वळा', आपण वळतो. उजवीकडे काय आहे, डावीकडे काय होतं, तो रस्ता पुढे कुठे संपतो, हे त्या हातभर अंतरावरच्या छोट्या काचेत दिसत नाही. दाखवायचं म्हणून नकाशा लांब नेला तर गावांची नावं गायब होतात, जवळ आणला तर चौकापलीकडचं गायब होतं. ८ इंची स्क्रीनवर अर्धा तालुका नावांसकट मावतो. नदी, धरणाचा फुगवटा, डोंगराची सोंड, खिंड, सगळं एका नजरेत येतं. एवढं समोर असलं की माणूस स्वतः विचार करतो.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, धरणाची जागा धरायची, पाणलोटाची हद्द काढायची, प्लॅनिमीटर फिरवून क्षेत्रफळ काढायचं आणि रॉटरिंग पेनने ट्रेसिंगवर उतरवायचं, हे माझं काम. त्या शीटवर कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटर उंचीला एक अशा असतात, दर पाचवी जाड. रेषा विरळ असल्या की माळ, एकमेकींना चिकटल्या की कडा. सोंड कुठली आणि घळ कुठली हे रेषेच्या वळणावरून कळतं. मला ते बघताक्षणी कळतं, त्यात माझं आयुष्य गेलंय.

गौरी-गणपतीला आम्ही सासरी महाडजवळच्या गावी जातो. पुण्याहून जवळचा रस्ता भोरवरून वरंध घाटाचा. पावसाळ्यात दरडींमुळे तो बंद होतो, तसा त्या वर्षीही होता. आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो होतो. एकीत मी आणि हे, दुसरीत दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलं. गौरींचे मुखवटे पॉलिश करायला पुण्यात आणले होते, ते त्यांच्या गाडीत होते. त्याच दिवशी गौरी आणायच्या होत्या. सुरूर फाट्यावरून वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं असं आदल्या रात्री ठरलं होतं. लांब पडतो, पण चालू रस्ता.

चेलाडी फाट्याला चहाला थांबलो. तिथे भाऊजी म्हणाले, महाबळेश्वरचा वळसा कशाला घालायचा, इथूनच वेल्हे, पासली, केळद करून थेट खाली उतरता येतं, मित्राने सांगितलंय. फोन पुढे केला. त्यात खरंच केळदपासून खाली कर्णवडीकडे एक बारीक रेघ गेलेली होती आणि ॲप त्या रेघेवरून गाडीने लागणारा वेळही दाखवत होतं.

मी टॅबलेट उघडला. त्यात ऑसमअँड हे नकाशाचं ॲप होतं, महाराष्ट्राचा नकाशा आणि कंटूर आधीच उतरवून ठेवलेले. रेघ माझ्याकडेही होती, पण ठिपक्यांची, म्हणजे पायवाट. आणि तिच्याखाली कंटूर इतके दाटलेले की सुट्या रेषा दिसतच नव्हत्या, एक सलग तपकिरी पट्टा दिसत होता. घाटरस्त्याला साधारण १ ला २० असा उतार धरतात. म्हणजे २० मीटरचा एक कंटूर ओलांडायला रस्ता ४०० मीटर धावला पाहिजे. म्हणून तर घाटात वळणं असतात. फार तीव्र घाट धरला आणि ते अंतर निम्मं केलं, तरी ही रेघ तेवढ्यात कितीतरी कंटूर आडवे कापून सरळ खाली पडत होती. तिथे गाडीरस्ता असूच शकत नव्हता. तो मढे घाट. तानाजी मालुसऱ्यांचं पार्थिव उमरठला याच वाटेने नेलं असं सांगतात. पायी उतरायची वाट आहे ती.

चहाचे ग्लास बाजूला सारून मी टॅबलेट टेबलावर ठेवला आणि बोटाने एकेक रेषा दाखवली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, फोन सॅटेलाइटवरून बघतो. तुम्ही ऑफिसातल्या जुन्या नकाशांचं सांगताय." मी म्हणाले, "भाऊजी, सॅटेलाइट तुम्ही कुठे आहात ते सांगतो. रस्ता आहे की नाही ते नाही सांगत. केळदच्या पुढे धबधब्यापर्यंत जाल आणि परत फिराल." त्यावर ते म्हणाले, "बायकांना नकाशे कळायला लागले तर..." आणि जाऊबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं म्हणून तिथेच थांबले. ह्यांनी दोनदा समजावलं. ऐकलं नाही. त्यांची गाडी नसरापूरकडे वळली, आम्ही सुरूरकडे.

आंबेनळीत धुकं इतकं की बॉनेटच्या पुढे रस्ता संपल्यासारखा वाटत होता. फोनची रेंज गेलेली. टॅबलेट माझ्या मांडीवर, त्यावर आमचा बाण सरकतोय आणि पुढची वळणं दिसताहेत. मी सांगत होते, "आता डावीकडे हेअरपिन, उतार आहे, लगेच उजवीकडे." ह्यांनी एकदाही रस्त्यावरची नजर काढली नाही. पोलादपूरला उतरलो तेव्हा चांगला उजेड होता.

घरी सगळी तयारी झालेली. उंबऱ्यापासून गौरींची पावलं काढलेली, तेरडा आणून ठेवलेला, शेजारच्या सवाष्णी जमलेल्या. आणि मुखवटे नाहीत. फोन लागत नव्हता. दिवेलागण झाली, बायका एकेक करून घरी जाऊन परत आल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या दाराशी येऊन रस्त्याकडे बघायच्या. भाऊजी पोचले तेव्हा रात्र झाली होती. केळदच्या पुढे डांबर संपलं, तरी ते थोडं रेटत गेले, चाक चिखलात रुतलं. गुरं घेऊन परतणाऱ्या एका माणसाने सांगितलं, "हितनं पुढं गाडी नाय जात, मानूस जातो." त्याने आणि गावातल्या पोरांनी गाडी ढकलून काढली. मग पुन्हा नसरापूर, तिथून सुरूर, आणि अंधारात आंबेनळी. धाकटा पुतण्या गाडीत रडून झोपून गेला होता. गौरी आल्या, पूजा झाली, पण ज्या वेळी व्हायची त्या वेळी नाही.

यावर त्या घरात काय म्हटलं गेलं? 'वहिनींचं नशीब जोरावर होतं.' पुढच्या वर्षी, 'महागातला टॅबलेट होता म्हणून बरोबर दाखवलं.' आणि आता, 'फोन असताना ही हौस कशाला.' नशीब नव्हतं, आणि टॅबलेटनेही काही दाखवलं नव्हतं. रेघ दोघांकडे होती. माझ्याकडे तिच्याखालची जमीन होती आणि ती मला वाचता येत होती. बाईने वाचलं म्हणून ते नशीब ठरलं. हेच ह्यांनी किंवा भाऊजींच्या त्या मित्राने सांगितलं असतं तर त्याला अनुभव म्हटलं असतं.

हा काही एका घरातला हट्टाचा प्रश्न नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ पुण्याची एक गाडी रात्री नकाशाच्या भरवशावर पुलाकडे गेली. पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. चालक बुडून गेला. ज्या पुलावर वर्षातले काही महिने पाणी असतं, तो नकाशावर बाराही महिने पूलच असतो. धरणाचा फुगवटा आणि त्याला छेदणारा रस्ता एकत्र दिसला तर शेजारी बसलेला माणूस निदान म्हणू शकतो की थांब, उतरून बघू. फोनमधला आवाज हे म्हणत नाही.

तेव्हा टॅबलेट जरूर घ्या, पण १० इंची नको. स्विफ्टच्या डॅशवर तो काच झाकतो आणि एसीच्या जाळीला अडकवायच्या स्टँडला त्याचं वजन पेलत नाही, खड्ड्यात आपटला की जाळीच तुटते. ८ इंची पुरतो आणि हातात धरता येतो. काचेवर चिकटवायचा रबरी स्टँड एप्रिल-मेच्या उन्हात सुटतो. डावीकडे डॅशमध्ये एअरबॅग असते, त्या झाकणावर काहीही बसवू नका. आयपॅडसाठी कंपनीच ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणून सांगते, आणि बंद गाडीत उन्हात डॅश त्याच्या कितीतरी पुढे जातो. स्क्रीन आधी मंद होते, मग टॅबलेट स्वतःला बंद करतो. गाडीतल्या गाण्यांच्या यूएसबी खाचेवर तो चार्ज होईल असं समजू नका, त्यातून बहुधा अर्धा अँपिअर येतो आणि नकाशा त्याहून जास्त खातो. लायटरच्या सॉकेटमध्ये चांगला २ अँपिअरच्या वरचा चार्जर लावा.

नकाशे घरच्या वाय-फायवर उतरवून घ्या. गुगलचे ऑफलाइन नकाशे ठरावीक काळाने शिळे होतात, अपडेट करत राहावे लागतात, आणि ऑफलाइन असताना ट्रॅफिक कळत नाही. ऑसमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही दोन्ही ॲप ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावर चालतात. कंटूर मुद्दाम चालू करावे लागतात, ते आधी करा. हा नकाशा लोकांनीच बनवलेला आहे, त्यामुळे आडगावात तो अपुरा असतो. मी आमच्या भागातल्या वाड्या, साकव, पायवाटा त्यात भरते, चुकीची रेघ दिसली की दुरुस्त करते. तुम्हीही करा.

नियमाचं सांगायचं तर १ ऑक्टोबर २०२० पासून चालकाला हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यापुरतं वापरता येतं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. माझं मत त्याहून कडक आहे. चालकाने टॅबलेटला हात लावूच नये.

आणि हे आधी सांगायला हवं होतं: तुम्ही बहुतेक वेळा एकटेच गाडी चालवत असाल किंवा पुणे-मुंबईच करत असाल, तर टॅबलेटचे पैसे घालू नका. फोन लावा, आवाज चालू ठेवा, पुरतं. ऑफलाइन नकाशाला आज सकाळी पडलेली दरडही कळत नाही, ती फोन करून किंवा फाट्यावरच्या टपरीवर विचारूनच कळते. शेजारच्या सीटवर नकाशा बघणारं कुणी असेल तरच टॅबलेटचा उपयोग आहे, तेव्हा ते कोण ते आधी ठरवा. बायको असेल, मुलगी असेल, आई असेल, तिला घरी बसून एकदा आपल्या ओळखीच्या टेकडीचे कंटूर दाखवा, दोन रविवारांत येतं. मग टॅबलेट तिच्या हातात द्या, आणि ती 'इथे रस्ता नाही' म्हणाली तर गाडी बाजूला घेऊन तिने काय पाहिलं ते तुम्हीही बघा.