फिजिओ झालेली मुलगी म्हणते पेशंटच्या मुलाखती घेणार, हे करिअर आहे का?

मुलुंडहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बीपीटीएच झाली, इंटर्नशिप संपली, मग गोवंडीत एका संस्थेच्या टीबी प्रोजेक्टवर काही महिने पेशंटच्या मुलाखती घ्यायला गेली आणि आता म्हणते एमपीटीएच (फिजिओतलं पदव्युत्तर शिक्षण) नको, प्रायमरी केअरमध्ये, म्हणजे दवाखान्याच्या पातळीवरच्या पहिल्या उपचारांवर, क्वालिटेटिव्ह रिसर्च (आकड्यांऐवजी मुलाखतींतून कारणं शोधणं) करून पुढे शिकवणार. आई विचारतात, नुसतं लोकांशी बोलण्यात रिसर्च कसला, आणि यात पोट भरेल का?

ताई, पहिला प्रश्न तुम्हीच विचारताय असं नाही. बीएमजेसारख्या मोठ्या मेडिकल जर्नलनेही असे क्वालिटेटिव्ह रिसर्चचे पेपर मागे सारले होते, तेव्हा 2016 मध्ये 76 प्राध्यापकांनी त्यांना उघड पत्र लिहून हे धोरण बदला म्हणून सांगितलं. आता कामाचं बघा. डायबेटिसचा एखादा पेशंट पालिकेच्या दवाखान्यातून वेळच्या वेळी गोळ्या घेऊन जातो, रजिस्टरमध्ये तो रेग्युलर. घरी जाऊन तासभर निवांत बोललं की कळतं गुरुवारी उपास म्हणून गोळी नाही, नाईट शिफ्टला चक्कर येते म्हणून तेव्हाही नाही, आणि हे डॉक्टरला सांगितलं तर ओरडा बसेल म्हणून तो गप्प. रजिस्टरवरून आकडा कळतो, कारण कळत नाही. ते काढायला शिस्त लागते. एथिक्स कमिटीची परवानगी, पेशंटची संमती, प्रश्न असे विचारायचे की आपल्याला हवं तेच वदवून घेतलं असं होऊ नये, मग रेकॉर्डिंग शब्दन् शब्द टाइप करायचं. एका तासाच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास सहज जातात, त्यात हिंदी-मराठी मिसळलेलं आणि मागे मिक्सर चालू असला तर विचारूच नका. मग कोडिंग, म्हणजे ओळ न् ओळ वाचून अर्थ लावत बसायचं.

म्हणून माझं स्पष्ट मत, लगेच पुढच्या कोर्सची फी भरू नका. आधी तिला वर्षभर एखाद्या प्रोजेक्टवर रिसर्च असिस्टंटची नोकरी करू दे. मुंबईत आरोग्यावर काम करणाऱ्या चांगल्या संस्था आहेत, धारावीत स्नेहा, सांताक्रूझला सेहत, तिथल्या जाहिराती बघत राहायचं. मुलाखती घ्यायला सगळ्यांनाच आवडतं हो, पण टाइपिंग आणि कोडिंगचा कंटाळा सोसूनही ती टिकली तर समजा खरंच आवड आहे.

टिकली तर पुढे एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ. देवनारला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आहे, म्हणजे घरून जाऊन-येऊन होईल, प्रवेश सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून. केरळात श्री चित्रा इन्स्टिट्यूटचं अच्युत मेनन सेंटरही नावाजलेलं आहे. मग यूजीसी नेट ही प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, त्यात सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ असा वेगळा विषयच आहे. त्यातूनच जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पीएचडी करताना पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि नंतर 42,000, वर घरभाडं. जेआरएफला वयाची अट 30 आहे, पण मुलींना पाच वर्षांची सवलत मिळते, तेव्हा एक वर्ष नोकरीत गेलं म्हणून घाबरू नका.

आता जे कोणी आधी सांगत नाही ते. आपल्याकडे बहुतेक मेडिकल कॉलेजांत प्रायमरी केअर असा वेगळा विभागच नसतो, हे काम पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) विभागात चालतं आणि तिथल्या प्रोफेसरच्या जागा बहुतेक एमबीबीएस-एमडीवाल्यांच्या. तिला जागा मिळेल ती टिससारख्या ठिकाणी, पब्लिक हेल्थच्या कॉलेजांत किंवा एनजीओच्या रिसर्च टीममध्ये, आणि कायमची पोस्ट मिळेपर्यंत बरीच वर्षं प्रोजेक्टचं फंडिंग संपलं की नोकरी संपली असंच चालतं. हे माहीत असून तिला करायचं असेल तर अडवू नका. ब्रिटनमध्ये मात्र हे क्षेत्र चांगलं रुजलंय, ऑक्सफर्डला प्रायमरी केअरचा मोठा विभाग आहे, अशा विभागांत डॉक्टर नसलेले लोकही पीएचडी करतात. तिकडचा विचार एमपीएचनंतर, तोही फंडिंग मिळालं तरच, कर्ज काढून अजिबात नाही.

आणि तिची फिजिओथेरपी वाया जात नाहीये. गुडघेदुखी, कंबरदुखीचे पेशंट व्यायाम मध्येच का सोडतात हा प्रायमरी केअरचाच प्रश्न आहे आणि तो विचारायला तिच्यापेक्षा योग्य कोण? फक्त तिला सांगा कौन्सिलचं रजिस्ट्रेशन वेळेत रिन्यू करत राहायचं, म्हणजे दोन प्रोजेक्टच्या मधे गॅप पडली तर संध्याकाळी होम व्हिजिट करून तिचा खर्च सुटेल.