‘प्लाझ्मा’ वायू नव्हे, आणि ‘द्रायू’ अशुद्ध नव्हे

समुद्रपूर तालुक्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारले आहे: “विज्ञानाच्या तासाला ‘प्लाझ्मा’ हा शब्द आला. पोरांनी विचारले, रक्तातला प्लाझ्मा आणि सूर्यातला प्लाझ्मा एकच काय? मी ‘खूप तापलेला वायू म्हणजे प्लाझ्मा’ असे सांगून वेळ निभावली. ते बरोबर आहे काय? ‘तो प्लाझ्मा’ म्हणावे की ‘ते प्लाझ्मा’? आणि याला मराठीत शब्द आहे काय?”

‘तो प्लाझ्मा’. ग्रीकमध्ये हा शब्द नपुंसकलिंगी आहे, पण मराठीने त्याला चष्मा आणि करिश्मा यांच्या पंगतीत बसवले, ते योग्यच झाले. रक्तातला आणि सूर्यातला प्लाझ्मा एक नाहीत. रक्तातल्या पदार्थाला आपल्याकडे ‘रक्तद्रव’ हा स्वच्छ शब्द आहे. २०२० साली करोनाच्या काळात ‘प्लाझ्मा थेरपी’ गावोगाव जाऊन पोचली आणि तेव्हापासून रक्तद्रव मागे पडला.

‘तापलेला वायू’ हे मात्र मी सोडणार नाही. बातम्यांत, विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यांवर, व्याख्यानांत सगळीकडे हेच ऐकतो. कुठे ‘प्लाझ्मा वायू’, कुठे ‘प्लाझ्मा नावाचा गॅस’. बाईंनी वर्गातल्या ट्यूबलाइटकडे पोरांना पाहायला सांगावे. आतल्या विरळ पाऱ्याच्या वाफेत वीज वाहते तेव्हा काही अणूंतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि तिथे प्लाझ्मा असतो. त्यातल्या इलेक्ट्रॉनांचे तापमान १०,००० अंशांच्या वर जाते, तरी नळी हाताला फार तर कोमट लागते, कारण जड अणू जवळजवळ थंडच राहतात. मग तापलेला कोण आणि किती? उष्णता हे प्लाझ्मा होण्याचे एक कारण असू शकते, व्याख्या नव्हे. तापमान आणि दाब दिला की वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावून बसतील, हे मोजायचे सूत्र मेघनाद साहांनी १९२० साली दिले. साध्या वायूचा कण ज्याला धडकतो तेवढ्यालाच ओळखतो. प्लाझ्मातला भारित कण हलला की लांबचे कणही हलतात, जसे बिथरलेल्या एका गोऱ्ह्यामागे अख्खा कळप वळतो. हे समूहाने वागणे म्हणजे प्लाझ्मा. आपल्या भागात तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मृगाच्या तोंडावर सरकी टोबायला वावरात गेलेल्या बायांवर इज पडते, ती आकाशातून उतरणारी वाट प्लाझ्माचीच असते आणि तिथले तापमान सुमारे ३०,००० अंश असते. ‘दामिनी’ ॲपचा इशारा आला की धुऱ्यावरच्या निंबाखाली थांबू नका, हेही याच धड्यात शिकवावे.

आता व्युत्पत्ती. ग्रीक ‘प्लास्सेइन’ म्हणजे घडवणे, आकार देणे. ‘प्लास्मा’ म्हणजे घडवलेली वस्तू. प्लास्टिक आणि प्लास्टर त्याचेच भाऊबंद. आधी जीवशास्त्राने तो उचलला, मग रक्तासाठी रूढ झाला, आणि १९२८ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी आयनीभूत वायूंवरच्या लेखात तो भौतिकीत आणला. त्यांचे सहकारी हॅरल्ड मॉट-स्मिथ यांनी १९७१ साली लिहिले की, विद्युत्भारित द्रव्य वेगवान इलेक्ट्रॉन आणि आयन (विद्युत्भार असलेले अणू) वाहून नेते हे पाहून लँगम्यूरना रक्तद्रव आठवला, कारण तोही तांबड्या-पांढऱ्या पेशी आणि जंतू वाहून नेतो. म्हणजे पोरांचा गोंधळ नामकरणातच पेरलेला आहे. पुढे वैद्यकीय मासिके या भौतिकीच्या लेखांच्या प्रती मागू लागली, असेही मॉट-स्मिथ सांगतात. शब्दाचा अर्थ पाहा आणि वस्तू पाहा. आकार दिलेली वस्तू असे नाव, आणि ते मिळाले कोणाला, तर जिला आकारात धरून ठेवताना सत्तर वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांची दमछाक होते आहे तिला. ग्रीक नाव इथे चुकलेच आहे.

मराठी चुकलेली नाही. मराठी विश्वकोशात प्लाझ्माला ‘आयनद्रायू’ म्हटले आहे. त्यातल्या ‘आयन’शी माझे भांडण आहे, ते पुढे सांगतो. आधी ‘द्रायू’.

द्रव आणि वायू या दोहोंना मिळून एक शब्द हवा होता, कारण वाहण्याचे गणित दोघांचे एकच आहे. म्हणून ‘द्रव’चा आरंभ आणि ‘वायू’चा शेवट जोडून ‘द्रायू’ केला आणि त्यावरून ‘द्रायुयामिकी’ (द्रव-वायूंच्या वाहण्याचे शास्त्र) आली. याच जोडकामावर शुद्धतावादी तुटून पडतात. संस्कृतात असे तुकडे जोडत नाहीत, समास केला तर ‘द्रववायू’ होईल, हा शब्द कारखान्यात शिवलेला आहे, असे त्यांचे म्हणणे. संस्कृतच्या नावाने बोलणाऱ्यांनी आधी पाणिनी उघडावा.

‘वायू’ हा शब्द कसा झाला? ‘वा’ म्हणजे वाहणे, फुंकणे. धातूंपासून, म्हणजे क्रियापदांच्या मुळांपासून, नामे घडवणाऱ्या उणादिसूत्रांतले पहिलेच सूत्र ‘कृवापाजिमिस्वदिसाध्यशूभ्य उण्’. कृ, वा, पा वगैरे धातूंना ‘उण्’ हा प्रत्यय लागतो. धातू आकारान्त असला की मध्ये ‘य्’ येतो, त्याचे सूत्र ‘आतो युक् चिण्कृतोः’ (७.३.३३). वा + य् + उ, झाला वायु. पा + य् + उ, झाला पायु. आता धातुपाठात ‘द्रा’ नावाचा धातू आहे की नाही? आहे. ‘द्रा कुत्सायां गतौ’. त्याला तोच प्रत्यय आणि तोच आगम, म्हणजे मधला ‘य्’, द्या. द्रा + य् + उ. द्रायु! वायूच्या शेजारी वायूच्याच नियमाने उभा राहिलेला शब्द. पहिल्या सूत्रात ‘द्रा’ मोजलेला नाही, असा आक्षेप येईल. त्याला पाणिनीनेच उत्तर देऊन ठेवले आहे: ‘उणादयो बहुलम्’ (३.३.१). हे प्रत्यय सांगितलेल्या जागी लागतात तसे न सांगितलेल्या जागीही लागतात. शब्द घडवणाऱ्यांच्या मनात हे होते की नव्हते, याने काही बिघडत नाही. शब्द नियमात बसतो, एवढे पुरे.

आणि धात्वर्थ तर पाहा. ‘कुत्सायां गतौ’. निंद्य गती, पळ काढणे. ‘निद्रा’तला द्राही याच धातूकडे नेतात, पण आपल्याला इथे पळ हवा. त्याचा सख्खा वाटणारा ‘द्रु’ म्हणजे धावणे, त्यातून द्रव, द्रुत आणि अंगावर धावून येणारा उपद्रव. टोकामाकमध्ये काम करणाऱ्या कोणालाही विचारा. बांगडीच्या आकाराच्या पोकळीत चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडायचा आणि हायड्रोजनची केंद्रके जुळवून ऊर्जा काढायची, हा बेत. प्लाझ्मा वळवळतो, मुरड घालतो, क्षेत्राच्या फटींतून निसटतो. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हा टोकामाक १९८९ पासून याच कामाला लागला. २०२५ च्या फेब्रुवारीत फ्रान्समधल्या ‘वेस्ट’ या टोकामाकने प्लाझ्मा १,३३७ सेकंद, म्हणजे २२ मिनिटांच्या वर धरून ठेवला, तर तो विक्रम ठरला. वाईट चालीचा, बंधन तोडून पळणारा. धातुपाठातल्या दोन शब्दांत जे आले ते ग्रीकला जमले नाही.

आता ‘आयन’. फॅराडेने १८३४ साली रूढ केलेला ‘आयन’ हा ग्रीक शब्द, अर्थ ‘जाणारा’. उत्तरायणातले ‘अयन’ ज्या ‘इ’ (जाणे) धातूचे, त्याच मूळ कुळातला. नाते गोड आहे. पण प्लाझ्माच्या नावात आयन अडकवून विश्वकोशाने शब्दाचे वावर उगाच आखडले. पल्सार म्हणजे गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्याभोवती इलेक्ट्रॉन आणि त्यांचे धनभारित जोडीदार पॉझिट्रॉन यांचाच प्लाझ्मा असतो असे मानतात, त्यात आयन कुठून आणणार? आणि सगळ्यात मोठी अडचण क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्माची. तिथे अणूच उरत नाही, प्रोटॉन आणि न्यूट्रॉनही वितळून त्यांच्या आतले क्वार्क आणि क्वार्कांना जोडणारे ग्लुऑन मोकळे होतात. एडवर्ड शुर्याक यांनी १९७८ साली हे नाव वापरले ते साधर्म्यावरून. विद्युत्भाराच्या जागी क्वार्कांचा ‘रंगभार’, बाकी समूहाने वागणे तेच. त्याला ‘क्वार्क-ग्लुऑन आयनद्रायू’ म्हणणे साफ चूक. नुसता ‘द्रायू’ म्हणा. मग पाहा तो कसा बसतो.

अपेक्षा अशी होती की दीड-दोन लाख कोटी अंशांच्या वर क्वार्क आणि ग्लुऑन सुटे होतील आणि विरळ वायूसारखे एकमेकांना जवळजवळ न जुमानता उडतील. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या ‘रिक’ या यंत्रात सोन्याची केंद्रके एकमेकांवर आपटली. टक्कर आडबाजूने झाली की मधला तप्त भाग बदामाच्या आकाराचा होतो. वायू असता तर कण सगळ्या दिशांना सारखे उडाले असते. ते बदामाच्या आखूड बाजूने जास्त वेगाने बाहेर पडले, म्हणजे आत दाब होता, प्रवाह होता. २००५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या चारही प्रयोगांनी जाहीर केले की हा वायूपेक्षा द्रवासारखा वागतो, आणि द्रवही असा की त्याचा चिकटपणा जवळजवळ किमान. याच वर्षी कोव्हटुन, सोन आणि स्टारिनेट्स यांनी चिकटपणा आणि एन्ट्रॉपी (कणांच्या विस्कळीतपणाचे माप) यांच्या गुणोत्तराची जी किमान मर्यादा सुचवली, तिच्या अगदी जवळ हा द्रव येतो. तिथल्या ‘स्टार’ आणि जिनिव्हाजवळच्या ‘ॲलिस’ या प्रयोगांत कोलकात्याच्या सायक्लोट्रॉन केंद्राच्या पुढाकाराने भारतीय गटांनी बांधलेला फोटॉन (प्रकाशकण) मोजणारा शोधक होता, हे बाईंनी पोरांना जरूर सांगावे.

म्हणजे वायू समजून शोधायला गेले आणि द्रव हाती लागला. इंग्रजीत त्याचे नाव बदलायला हवे होते, ते बदलले नाही. मराठीत बदलायची गरजच नाही. द्रव निघो की वायू, ‘द्रायू’ दोन्हीकडे खरा. म्हणून ‘तापलेला वायू’ म्हणणाऱ्यांवर माझा रोष आहे. या जागी ते चुकतात तेव्हा एवढ्या मोठ्या शोधाचीच बातमी खोटी करतात.

आजचा वाद तर याच्याही पुढचा आहे. शिशाच्या केंद्रकात २०८ न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून. त्यांच्या टकरीत थेंब वाहतो हे पटते. पण प्रोटॉन शिशावर आपटला तरी प्रवाहाच्या खुणा दिसतात. म्हणून २०२५ च्या जुलैत जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या यंत्रात ऑक्सिजनची केंद्रके ऑक्सिजनवर आदळवली. न्यूक्लिऑन दोन्हीकडे फक्त १६. सांख्यिकीय भौतिकी एरवी घोटभर पाण्यातल्या परार्धांहून जास्त रेणूंची सरासरी काढते, तिथे ‘द्रव’ म्हणायला कोणाची हरकत नसते. मूठभर कणांना द्रव कधी म्हणायचे? किती जण जमले की ते समूहाने वाहू लागतात? हा भौतिकीचा प्रश्न आहे तितकाच शब्दार्थाचा आहे, आणि त्यावर मी रात्रभर बोलू शकतो.

वर्गात रूढ शब्द म्हणून ‘प्लाझ्मा’ चालू द्या, पाठ्यपुस्तकाशी पोरांना भांडायला लावू नका. फळ्यावर शेजारी ‘द्रायू’ लिहा. एकटा लिहिताना ‘वायू’सारखा दीर्घ, समासात आधी आला की ऱ्हस्व: द्रायू, पण द्रायुयामिकी. ‘द्रायूयामिकी’ असे छापलेले मी पाहिले आहे, ते खोडा.