सहा वर्षं बंद असलेला जुना ट्रॅक्टर चालू कसा करावा?

तासगावच्या शेडात वडिलांचा ट्रॅक्टर सहा वर्षं उभा आहे, थेट सेल्फ मारू का, असं विचारलंय तुम्ही. नका मारू. दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढायचं तर नावच काढू नका. पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) धरल्या असतील तर तुटतील.

आधी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी न्यूट्रलमध्ये क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवा. अडलं तर जोर नको, पुन्हा ऑइल, पुन्हा दोन दिवस थांबा.

ऑइल, डिझेल, फिल्टर सगळं नवं घाला. एअर क्लीनर उघडाच. आमच्या वाळव्याच्या शेडात त्यात उंदरांचं घरटं निघालं होतं. मग नोझल न बसवताच, स्टॉपची (इंजिन बंद करायची) दांडी ओढून, दहा सेकंद सेल्फ मारा. तोंड लांब ठेवा, ऑइल उडतं. ऑइल प्रेशरचा काटा हलला की नोझल बसवून डिझेलच्या लाइनमधली हवा काढा.

डिझेल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी आतली पट्टी) अडकला असेल तर इंजिन स्टॉपनं बंद होत नाही, सुसाट सुटतं. म्हणून पहिल्यांदा चालू करताना इंजिनात हवा जाते ते तोंड झाकायला जाड फळी घेऊन एक माणूस शेजारी उभा ठेवाच.